आकडा तिलाही दिसला पाहिजे
(महाड-पोलादपूरच्या मैत्रिणींच्या बैठकीतील भाषण)

२२ जुलै २०२१ आपण कुणीच विसरलेलो नाही. महाडात पूर आणि त्याच दिवशी तळीयेला दरड; ८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर मी पाऊस मोजायचं एक छोटं यंत्र घरी तयार केलं. नोकिया ५११० फोनला असायचा तसला, ८४ बाय ४८ ठिपक्यांचा पडदा त्याला लावला.

मे महिन्यात माझ्या टेबलावर आकडे ठसठशीत दिसले. जुलैत पोलादपूरकडच्या घाटाखालच्या वाडीत ते फिके पडले. त्यातून यंत्र लावलेलं पुरुषाच्या नजरेच्या उंचीवर; खालून बघणाऱ्या बाईला सगळंच पुसट. मी म्हणत होते, बायकांना यंत्र शिकवायला हवं. एक काकू म्हणाल्या, "बाई, वाचता येतं आम्हाला. दिसत नाही." चूक माझी होती.

पडद्यातल्या द्रवस्फटिकाचे ठिपके विजेच्या दाबानं गडद होतात. गारव्यात जास्त दाब लागतो, उष्म्यात कमी. बघण्याचा कोन बदलला की दिसणंही बदलतं. मी लिहिलेल्या लायब्ररीत, म्हणजे पडदा चालवणाऱ्या आज्ञांच्या संचात, दाबाचा आकडा एकच बांधून टाकला होता. माझ्या टेबलाला, माझ्या डोळ्यांना सोयीचा.

वास्तविक पडद्यातल्या पीसीडी ८५४४ चिपला ० ते १२७ पैकी कुठलाही आकडा देता येतो. प्रत्येक पायरीला दाब ०.०६ व्होल्टनं वाढतो. मी दोन बटणं बसवली, एक गडद करायला, एक फिकं करायला. ८.५ व्होल्टच्या पुढे चिपला धोका, म्हणून ९० वर अडसर घातला. निवडलेला आकडा वीज गेली तरी टिकतो. पडदा चुकून कोरा झालाच, तर दोन्ही बटणं दाबून यंत्र चालू करायचं. मूळ आकडा परत येतो.

काम एका संध्याकाळचं होतं. पण रात्री पाऊस वाढला की काकू आता स्वतः आकडा बघतात. पोरंबाळं घेऊन कधी निघायचं, हे ठरवताना घरात त्यांचाही शब्द असतो.

म्हणून सांगते, एखादी वस्तू आपल्याला वापरता आली नाही तर लगेच स्वतःला अडाणी म्हणू नका. ती कुणाला समोर ठेवून बनवली, हे आधी विचारा. आणि बनवणाऱ्या मैत्रिणींनो, निदान एक बटण तिच्या हातात ठेवा.