कल्हईचा हिशेब

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. भांडीबाजारातून हौसेने आणलेल्या पितळी पातेल्याची आतली पांढरी चमक वापराने जाते, पितळ उघडे पडते. मग त्यात ताक, आमटी कळकते आणि पातेले मोडीत निघते. मोडीत मिळतो तो नुसता धातूचा भाव; घडणावळ बुडते. वास्तविक झिजलेली असते ती फक्त कथलाची पातळ कल्हई. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाने आतून फिरवले की पातेले पुन्हा नवे! कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून रिकामे भांडे जाळावर ठेवू नये. तारेच्या घासणीने घासू नये. पितळ डोकावले की लगेच कल्हई करून घ्यावी. थोडक्या खर्चात आजीचे पातेले नातीच्या संसारालाही पुरेल.