हरण्याचा हंगाम

श्रोतेहो, क्रिकेटच्या देशात बसून बेसबॉलवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. तरीही अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाची हकीकत आज तुम्हाला सांगावीशी वाटते. हा संघ टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहराचा. अंतराळ केंद्राचे शहर म्हणून संघाचे नावही तसेच, ह्यूस्टन अॅस्ट्रोज. सन २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे हा संघ देशातल्या तीस संघांत सर्वांत शेवटी राहिला आणि २०१७ मध्ये त्याच संघाने अजिंक्यपद पटकावले. जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगता येईल. पण तिच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. उद्या चांगले दिवस यावेत म्हणून आज मुद्दाम वाईट दिवस काढायचे ठरवले, तर ते दिवस काढायचे कुणी?

आधी या खेळाची रीत थोडी समजून घेऊ. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोजच सामना. इतके सामने खेळल्यावर उत्तम संघही साठेक सामने हरतो आणि सुमार संघही साठेक जिंकतो. त्यामुळे शंभर पराभव म्हणजे मोठी नामुष्की समजली जाते. अॅस्ट्रोजचे त्या तीन वर्षांतले पराभव होते १०६, १०७ आणि १११. त्याआधी जवळपास पन्नास वर्षांत या संघाने पराभवांची शंभरी एकदाही गाठली नव्हती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. तिथे शेवटी राहणे परवडत नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथे शाळा-कॉलेजांतून येणारे नवे खेळाडू संघांनी क्रमाने निवडायचे असतात आणि पूर्वी ही निवड सर्वांत तळाच्या संघापासून सुरू होई. दुबळ्याला हात द्यावा, हा त्यामागचा हेतू. आपल्या आयपीएलमध्ये सगळ्या संघांना लिलावासाठी सारखीच रक्कम मिळते, त्यामुळे हरून कुणाच्या पदरात काही पडत नाही. तिथे मात्र हरण्याला बक्षीस होते. आता बक्षीस आहे म्हटल्यावर ते मिळवण्याची विद्या कुणी ना कुणी काढणारच.

अॅस्ट्रोज २००५ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते. तिथे शिकागो व्हाइट सॉक्सने त्यांना चारही सामन्यांत हरवले. नंतरची काही वर्षे जुन्या, नावाजलेल्या खेळाडूंवर भिस्त ठेवून गेली. बेसबॉलमध्ये मुख्य संघाच्या खाली कनिष्ठ संघांची उतरंड असते. तरुण पोरे तिथे तीन-चार वर्षे घासून-पुसून तयार होतात. या कनिष्ठ संघांना तिकडे ‘फार्म’ म्हणतात, म्हणजे शेतीच. ह्यूस्टनच्या या शेतीत काही उगवत नव्हते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

२०११च्या अखेरीस संघ विकला गेला. उद्योगपती जिम क्रेन नवे मालक झाले. जेफ लुनाव हे जनरल मॅनेजर म्हणून आले. लुनाव पूर्वी व्यवस्थापन सल्लागार होते, नंतर सेंट लुईसच्या संघात त्यांनी नवे खेळाडू हेरण्याचे काम केले होते. त्यांच्याबरोबर सिग मेडल आले, ते पूर्वी नासात काम केलेले अभियंते. या मंडळींपुढे दोन वाटा होत्या. बाजारातून चार मुरलेले खेळाडू विकत घ्यायचे, सत्तर-पंचाहत्तर सामने जिंकायचे आणि अब्रू राखायची, ही पहिली वाट. दुसरी वाट म्हणजे ज्याला बाजारात किंमत आहे असा प्रत्येक खेळाडू देऊन टाकायचा, बदल्यात कोवळी पोरे घ्यायची आणि तळाला बसून निवडीचा पहिला मान मिळवत राहायचा. त्यांनी दुसरी वाट धरली.

हंटर पेन्स आणि मायकल बोर्न हे दोन खंदे खेळाडू जुन्या व्यवस्थापनानेच २०११च्या जुलैत दुसरीकडे दिले होते. २०१२च्या जुलैत कार्लोस ली, वँडी रॉड्रिग्ज, ब्रेट मायर्स असे उरलेसुरले अनुभवी खेळाडूही गेले. पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा साऱ्या संघाच्या पगाराचा आकडा सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर होता. त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजच्या अॅलेक्स रॉड्रिग्ज या एकट्या खेळाडूचे ठरलेले मानधन याहून अधिक होते.

तो २०१३चा हंगाम कसा गेला ते ऐकण्यासारखे आहे. पहिला सामना घरच्या मैदानावर, शेजारच्या टेक्सास रेंजर्सविरुद्ध. अॅस्ट्रोजने तो ८-२ असा जिंकला आणि लोकांना जरा हुरूप आला. दोनच दिवसांनी त्याच रेंजर्सचा जपानी पिचर यू दार्विश चेंडू टाकायला उभा राहिला. त्याने ह्यूस्टनचे ओळीने २६ फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. सत्ताविसावा बाद झाला असता तर तो ‘परफेक्ट गेम’ ठरला असता. बेसबॉलच्या इतिहासात असे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. तेव्हा मार्विन गोन्झालेझने मारलेला चेंडू दार्विशच्या पायांतून निघून गेला आणि ती नामुष्की टळली. सामना मात्र ७-० असा गेलाच.

हंगाम पुढे तसाच सरकत राहिला. संघाचे फलंदाज वर्षभरात १,५३५ वेळा तीन स्ट्राइक होऊन बाद झाले. तोवर कुठल्याही संघाने एका हंगामात इतक्या वेळा हा मार खाल्ला नव्हता. शेवटचे १५ सामने तर ओळीने गेले. अखेरचा सामना यांकीजविरुद्ध होता. तो नऊ डावांत संपला नाही, चौदाव्या डावापर्यंत लांबला आणि तिथे अॅस्ट्रोज ५-१ असे हरले. जिंकून-हरून ज्याने काहीच बदलणार नव्हते, असा सामना ती पोरे चौदा डाव लढवत होती. हे लक्षात ठेवायला हवे. हरण्याचा बेत कार्यालयात शिजला होता. मैदानावर उतरलेला प्रत्येक जण जिंकण्यासाठीच खेळत होता. दोन वर्षे धडपडून वर आलेल्या बाविशीच्या मुलाला ‘तू हरलास तर बरे’ असे कोण सांगणार? त्याच्यासाठी प्रत्येक सामना पोटापाण्याचा होता.

मग या बेताची किंमत कुणी मोजली? सर्वांत आधी प्रेक्षकांनी. २००७ मध्ये वर्षभरात ३० लाखांहून अधिक लोक ह्यूस्टनच्या मैदानावर आले होते. २०१२ मध्ये तो आकडा सुमारे १६ लाखांवर आला. सप्टेंबर २०१३ मधल्या एका सामन्याची टीव्हीवरची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्यांच्या हिशेबात चक्क ०.० अशी नोंदली गेली. अर्थात त्याच वेळी शहराच्या फुटबॉल संघाचा सामना चालू होता आणि बेसबॉल दाखवणारी वाहिनी शहरातल्या निम्म्याहून कमी घरांत दिसत होती, हेही खरे. तरी शून्य ते शून्यच. नेहमी येणाऱ्या घरांना सांगितले गेले, थोडी कळ काढा. पण दहा वर्षांच्या मुलाची तीन उन्हाळी सुट्ट्यांची कळ आणि मालकाची तीन वर्षांची कळ सारखी नसते. मालकाचा संघ जागच्या जागी असतो, मुलाचे बालपण मात्र सरून जाते.

दुसरी किंमत मोजली ती जागा भरायला घेतलेल्या खेळाडूंनी. पिचर, कॅचर, बॅटर असे कितीतरी जण त्या तीन वर्षांत आले आणि गेले. त्यांच्यामुळे संघ चालू राहिला. फळ यायच्या वेळी ते तिथे नव्हते. मॅनेजर ब्रॅड मिल्स २०१२च्या ऑगस्टमध्ये गेले, त्यांच्या जागी आलेले बो पोर्टर २०१४च्या सप्टेंबरमध्ये गेले. ज्यांच्या हातात मुद्दाम दुबळा संघ दिला, त्यांनाच निकालाची शिक्षा भोगावी लागली.

पण मंडळी, दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. या पडीक दिसणाऱ्या वर्षांत काही पेरलेही जात होते. होझे अल्टुवे हा व्हेनेझुएलाचा खेळाडू. उंची जेमतेम साडेपाच फूट. निवड चाचणीत आधी त्याला बुटका म्हणून परत पाठवले होते. पुढे फक्त १५ हजार डॉलर देऊन संघाने त्याला घेतले. २०११ मध्ये तो मुख्य संघात आला आणि तिन्ही वर्षांतले पराभव त्याने मैदानावरून पाहिले. डॅलस कायकल हा पिचर २०१२ मध्ये आला. पहिली दोन वर्षे त्याला चांगलाच चोप बसला. जिंकू पाहणाऱ्या संघाने त्याला केव्हाच खाली धाडले असते. इथे घाई नव्हती, म्हणून त्याला चुकायला आणि शिकायला वेळ मिळाला. २०१५ मध्ये त्याने २० सामने जिंकून दिले आणि आपल्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला. अल्टुवे २०१७चा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

निवडीच्या पहिल्या मानाचे काय झाले? २०१२ मध्ये त्यांनी पोर्तो रिकोचा सतरा वर्षांचा कार्लोस कोरेआ निवडला. तो ठरीव रकमेपेक्षा कमी पैशांत आला. वाचलेल्या पैशांतून लान्स मॅकलर्स हा पिचरही पदरात पडला. दोघेही मोठे खेळाडू झाले. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला मार्क अॅपेल मात्र ह्यूस्टनच्या मुख्य संघातून एकही सामना खेळला नाही. २०१४ मध्ये निवडलेल्या ब्रेडी एकेनशी वैद्यकीय तपासणीवरून फाटले आणि करारच झाला नाही. त्याची भरपाई म्हणून पुढच्या वर्षी दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यातून अॅलेक्स ब्रेगमन आला. याच सुमारास, २०१४च्या मार्चमध्ये, त्यांनी जे. डी. मार्टिनेझला नाकर्ता समजून सोडून दिले. डेट्रॉइटने त्याला उचलले आणि त्याच वर्षी त्याने तिथे २३ होम रन ठोकले. सगळे गणिताने चालले होते असे आज म्हटले जाते, पण त्या गणितात नशिबाचा आकडाही होता.

२०१५ मध्ये संघाने ८६ सामने जिंकले. २०१७ मध्ये १०१. त्या ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेले. महिन्याअखेरीस डेट्रॉइटहून जस्टिन व्हरलँडर हा मातब्बर पिचर आणला गेला आणि १ नोव्हेंबरला लॉस एंजलिस डॉजर्सला सातव्या सामन्यात हरवून संघाने पहिले अजिंक्यपद मिळवले. सावरणाऱ्या शहराला त्या आनंदाचे मोल किती असेल, हे सांगायला नको.

गोष्ट इथे थांबली असती तर बरे झाले असते. जानेवारी २०२०मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांचा चौकशी अहवाल आला. २०१७ मध्ये अॅस्ट्रोजच्या खेळाडूंनी मैदानातल्या कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा टिपल्या होत्या आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला कोणता चेंडू येणार ते कळवले होते. संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, निवडीतले काही मान गेले. लुनाव आणि मॅनेजर ए. जे. हिंच यांच्यावर वर्षभराची बंदी आली आणि मालकांनी दोघांना कामावरून काढले. अजिंक्यपद काढून घेतले नाही, पण त्याला बट्टा लागला. पराभवाची वर्षे आणि ही लबाडी यांचा थेट संबंध जोडणे योग्य होणार नाही. मात्र या संघाच्या कारभारात निकालापुढे बाकी सगळे गौण मानले गेले, असा ठपका त्या अहवालातच होता. माणसांकडे नुसते आकडे म्हणून पाहण्याची सवय लागली की ती एका खोलीपुरती राहत नाही.

ह्यूस्टनची वाट पुढे अनेकांनी धरली. शिकागो कब्जनेही त्याच सुमारास तसेच केले होते. २०१२ मध्ये १०१ पराभव, २०१६ मध्ये अजिंक्यपद. बाल्टिमोर ओरिओल्स २०१८ मध्ये ११५ सामने हरले, २०२३ मध्ये त्यांनी १०१ जिंकले. पण शिकागोच्याच व्हाइट सॉक्सनेही आपले मोहरे विकून संघ नव्याने बांधला होता. २०२१ मध्ये ते गटात पहिले आले आणि २०२४ मध्ये १२१ सामने हरले. आधुनिक काळात एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. जुने विकणे सोपे असते, नवे वाढवणे कठीण. पहिले केले म्हणजे दुसरे आपोआप होते असे नाही. शेवटी खेळाच्या चालकांनाही नियम बदलावा लागला. डिसेंबर २०२२ पासून पहिल्या सहा क्रमांकांसाठी सोडत काढली जाते आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, १६.५ टक्के संधी असते. आता शेवटचे येऊन हमखास काही मिळत नाही.

आपल्याकडेही आजारी कारखाने, डबघाईच्या बँका, ओस पडलेल्या शाळा नव्याने उभ्या करण्याच्या योजना निघतात आणि थोडी कळ काढा असे सांगितले जाते. कधी ते रास्तही असते. बियाण्याचे धान्य खाऊन टाकणारा शेतकरी शहाणा नव्हे. पण कळ काढायला सांगणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. या काळात पेरणार काय आहात? आणि या दिवसांचा भार कुणावर पडणार, त्यात तुमचा वाटा किती? ह्यूस्टनकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते. दुसऱ्याचे उत्तर प्रेक्षकांनी आणि कामापुरत्या आलेल्या खेळाडूंनी परस्पर दिले. २०१३च्या त्या संघातले अल्टुवे, कायकल, गोन्झालेझ असे मोजकेच जण २०१७च्या विजयात होते. बाकीचे तोवर विखुरले होते. अजिंक्यपदाच्या हिशेबात त्यांची नावेही जमेच्या बाजूला लिहिली पाहिजेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)