पाणी मागल्या दारानं येतं



नदीकाठची जमीन आणि तिच्यावर पसरणारं पाणी, हा माझ्या अभ्यासाचा विषय. कृष्णाकाठी राहणाऱ्या प्रत्येक मुलाला तो थोडा तरी यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज तेवढंच बोलणार आहे.

शिकत होते तेव्हा वारणेच्या संगमाजवळच्या शिवारात मी डंपी लेव्हल लावून उंची मोजत होते. बांधावरच्या एका आजोबांनी विचारलं, "काय मोजतीस गं बाई?" म्हटलं, पूर कुठून येईल ते. ते म्हणाले, "नदीकडं काय बघतीस? पाणी मागल्या दारानं येतं." मला पटलं नाही. काठापासून गावाकडं जमीन चढत जाणार, हे मी धरूनच चालले होते. दोन दिवस मोजलं, तर जमीन काठापासून मागं उतरत होती!

असं का होतं? पात्र भरून पाणी काठाबाहेर पडलं की त्याचा वेग मोडतो. जड वाळू काठावरच बसते. बारीक, चिकट गाळ लांबवर जातो आणि संथ पाण्यात सावकाश खाली बसतो. पुरामागून पूर असे गेले की काठ उंच होतो, मागं बशीसारखा खोलगट भाग उरतो. तीच आपली पाणथळ जागा. ओढा बहुधा तिथूनच वाहत नदीला मिळतो. कृष्णा चढली की ओढा तुंबतो, आणि मग नदीच ओढ्यातून उलटी आत शिरते. काठ कोरडा असतो आणि मागच्या आळीत गुडघाभर पाणी. हरिपूरला वारणा अडते, नृसिंहवाडीला पंचगंगा अडते, तीही कृष्णेच्या अशाच फुगवट्यानं.

या बशीला लोक पडीक म्हणतात, मुरूम टाकून भरतात. मला ते बघवत नाही. तिथं मावणारं पाणी मग शेजाऱ्याच्या अंगणात जातं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण तो त्या पुलाजवळचा. तुमच्या आळीत पाणी आधी कुठल्या बाजूनं शिरलं, कुठल्या पायरीला थांबलं, हे आजीला ठाऊक असतं, नाहीतर भिंतीवरच्या गढूळ रेघेला. घराला रंग दिला की रेघ गेली. अशा कितीतरी रेघा माझ्यादेखत पुसल्या गेल्या आहेत.

म्हणून मुलांनो, एक मागणं. घरोघरी जाऊन ती रेघ शोधा, जोत्यापासून तिची उंची मोजा, शेजारी वर्ष लिहा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांबद्दल विचारा. शेतातली चिमूटभर माती ओली करून बोटांत वळा. लांब वळी झाली तर तिथं बहुधा संथ पाणी उभं राहत होतं, फुटली तर बहुधा जवळून जोराचा प्रवाह गेला होता. हे सगळं आत्ता, नदी खाली असतानाच करायचं. पुराच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही.

लेव्हल आणि पट्टी मी सोबत आणली आहे. उद्या सकाळी सात वाजता ओढ्याच्या पुलावर थांबते. येताना वही आणा, आणि जमलं तर आजीलाही.