कुपन फाडण्याआधी

मागच्या बुधवारी एका गटाच्या ताईंनी केंद्रावर फोन करून विचारलं, "शाळेसाठी पैसे उभे करायला लकी ड्रॉ ठेवतोय. परवाना तहसीलमधून मिळतो की पोलीस स्टेशनातून?" हाच प्रश्न घेऊन दोन वर्षांपूर्वी आमचा गट दारोदार फिरला होता. म्हणून आजच्या बोलण्यात तेच सांगते.

आमच्या सचिवताईंची भाची इंग्लंडात असते. तिथल्या आपल्या लोकांनी दवाखान्याच्या मदतीसाठी 'कॅसिनो नाइट' केली, त्याचा व्हिडिओ तिनं पाठवला. गोल फिरणारं चक्र, पत्त्यांची टेबलं, खोट्या नोटा, नटूनथटून आलेल्या बाया. तिकिटाचा सगळा पैसा दवाखान्याला. बैठकीत सगळ्यांनी तो तीनतीनदा पाहिला. चक्र काही आपल्याला जमणार नाही, पण कुपनं छापून सोडत तर काढता येईल, असं ठरलं. शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नव्हतं, पाणी नव्हतं. मोठ्या मुली दुपारीच घरी निघून यायच्या. ५० रुपयांचं एक कुपन, ४०० कुपनं म्हणजे २०,००० रुपये. पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरं कुकर, तिसरं साडी. मिक्सर आणलासुद्धा.

६२ कुपनं विकली गेली आणि बैठकीत एक ताई उठून उभी राहिली. एरवी ती फारसं बोलत नाही. तिच्या नवऱ्यानं मटक्याच्या आकड्यापायी एक एकर रान घालवलंय, हे गावाला ठाऊक आहे. ती म्हणाली, "मागच्या साली मटका बंद करा म्हणून आपणच पोलिसांना निवेदन दिलं. आता आपणच चिठ्ठ्या काढल्या तर पुढच्या बारीला कोणत्या तोंडानं जायचं?"

कुणीतरी म्हणालं, "अगं, हे शाळेसाठी आहे. मटका वेगळा." मलाही तसंच वाटत होतं. पण तिचं बोलणं मनातून जाईना. मग आम्ही तिघी परभणीला गेलो, जिल्हा न्यायालयात. तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. हे पुष्कळ जणींना माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

वकीलबाईंनी आमचं कुपन हातात घेतलं आणि विचारलं, "पैसे घेता का? बक्षीस देता का? आणि कुणाला द्यायचं ते नशिबानं ठरतं का?" तिन्हीला हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग ही लॉटरी झाली. पैसा देवळाला जावो नाहीतर शाळेला, त्यानं तिचं नाव बदलत नाही."

आम्ही म्हटलं, सरकारची लॉटरी चालतेच की! चालते, १९६९ पासून महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी आहे. पण १९९८ च्या केंद्राच्या कायद्यानं लॉटरी चालवायचा हक्क राज्य सरकारांना दिलाय, गटाला किंवा मंडळाला नाही. सरकारची नसलेली आणि सरकारनं मंजूर न केलेली लॉटरी काढायला जागा किंवा कार्यालय चालवलं, तर नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. तिची जाहिरात केली तरी दंड आहे. जुन्या दंड संहितेतही हे होतंच. व्हॉट्सअॅपवर कुपनाचा फोटो टाकताना आम्हाला हे कुठं ठाऊक होतं!

मग त्या चक्राचं, पत्त्यांचं काय? आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे. तेव्हा परभणी निजामाकडे होतं. आपला मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आला, त्यानंतर तो इकडे लागू झाला. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण नशिबावर पैसे लावायला नाही. कॅसिनोसाठी १९७६ साली आपल्या विधिमंडळानं एक कायदा केला होता खरा. पण तो अमलात येण्याची तारीखच सरकारनं कधी काढली नाही. जवळजवळ पन्नास वर्षं तो कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द करायचा निर्णय घेतला. गोव्यात कॅसिनो आहेत, ते तिथल्या वेगळ्या कायद्यानं.

इंग्लंडात त्या भाचीचं मंडळ चुकलं असं नाही. तिकडे २००५ च्या कायद्यात धर्मादाय खेळांसाठी निराळी तरतूद आहे, आणि लहान संस्थेला तिकिटं विकून सोडत काढायची असेल तर स्थानिक कौन्सिलात नाव नोंदवता येतं. तशी खिडकी आपल्या तहसीलमध्ये नाही. ग्रामपंचायतीनं ठराव करून दिला तरी तो परवाना होत नाही. हे आमच्या सरपंचांनाही समजावून सांगावं लागलं, ते बिचारे शिक्का मारायला तयार होते.

आणखी एक प्रकार फार बोकाळलाय, त्यावर जरा थांबते. महिन्याला ५०० किंवा १,००० रुपये भरायचे, दर महिन्याला सोडत, जिचा नंबर लागेल तिला फ्रिज किंवा मोटारसायकल आणि पुढचे हप्ते माफ. बाहेरचा माणूस येतो, गटाच्या बायांनाच एजंट करतो आणि शेवटी गायब होतो. शिव्या मात्र गावातल्या बाईला. यावर १९७८ पासून केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. धर्मादाय किंवा शैक्षणिक संस्थेला सूट मिळू शकते, पण राज्य सरकारनं रिझर्व्ह बँकेच्या सल्ल्यानं त्या संस्थेचं नाव अधिसूचनेत जाहीर केलं असेल तरच. कुणी म्हणालं "आमचा ट्रस्ट आहे", तर ती अधिसूचना दाखवा म्हणावं. आपल्या घरगुती भिशीत बारा जणी पैसे टाकतात आणि बाराही जणींना पाळीपाळीनं तेवढेच मिळतात. चिठ्ठीनं फक्त पाळी ठरते. ती गोष्ट निराळी.

आता आमचं पुढं काय झालं ते सांगते. ६२ कुपनांचे ३,१०० रुपये घरोघर जाऊन परत केले. दोघीतिघींनी "राहू द्या" म्हटलं, तरी दिले आणि वहीत सह्या घेतल्या. मग वर्गणीचा रस्ता धरला. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. गणपती मंडळं घेतात तीच परवानगी. गटाचा ठराव, सभासदांची नावं, ओळखपत्रं, कशासाठी पैसे हवेत ते लिहून द्यायचं आणि नंतर हिशेब सादर करायचा. आम्हाला दोन खेपा पडल्या, कारण पहिल्या अर्जावर खजिनदाराची सहीच नव्हती. छापील नंबराचं पावती पुस्तक केलं. दहा रुपये दिले तरी पावती.

शिवाय पौषात हुरडा ठेवला. ज्वारी आपल्याच रानातली, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, धपाटे. ताटाला १०० रुपये. ही सरळ विक्री, यात नशिबाचा संबंध नाही. त्याच दिवशी भाकरी थापायची स्पर्धा घेतली, प्रवेश फी काही नाही. घरात आणून ठेवलेला मिक्सर तिथं बक्षीस म्हणून दिला. जिंकली एक सत्तर वर्षांची आजी. तिनं तो सुनेला दिला आणि म्हणाली, "माझा पाटा-वरवंटा मला बरा."

कुपनांइतके पैसे एका दिवसात जमले नाहीत. दार बसायला उन्हाळा उजाडला, पाण्याची टाकी त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आली. उरलेली ३३८ कुपनं अजून गटाच्या पेटीत आहेत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही बैठकीची हजेरी लिहितो. आणि यंदा मटक्याचं निवेदन द्यायला गेलो, तेव्हा सगळ्यांच्या पुढं तीच ताई होती.