नऊ एकांचा वर्ग



मला ‘संगणकाबद्दल काहीतरी सांग’ असा निरोप होता. मी एका संख्येबद्दल सांगते, संगणक तिच्या मागून येईलच.

११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. असं करत नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, नऊपर्यंत चढणारे आणि तसेच उतरणारे.

ही डेम्लो संख्या. नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ते १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी कागद-पेन. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्या ६१७४ वर लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. आणि डेम्लो म्हणजे कोणी ग्रीक पंडित नव्हे बरं का! जीआयपी रेल्वेवरचं ते स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली. आपली विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून मुंबईला जाताना देवळाली आणि डोंबिवली दोन्ही ओलांडते.

आता संख्येकडे बघा. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. शेवटचे नऊ अंक वेगळे काढा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज नऊ वेळा ९! मात्र दहा वेळा १ घेऊन वर्ग केला की डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये हातचा आला ना.

हीच सतरा अंकी संख्या एक्सेलमध्ये टाइप करा. पंधरा अंक राहतात, शेवटच्या २१ च्या जागी ००. जावास्क्रिप्टमध्ये शेवटचा १ जाऊन ० येतो. तिथे साध्या संख्येला ५३ बिटांची जागा. २ च्या ५३ व्या घातापुढची विषम संख्या तीत मावत नाही. वाईट हे, की यंत्र चूक झाल्याचं सांगतही नाही. गुणाकारात हातचा विसरला तर सर निदान लाल शाईने गोल तरी करायचे!

काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. धानाच्या चुकाऱ्याची यादी कोणी अशीच टाइप केली तर शेवटचा अंक शून्य, आणि शेतकऱ्याच्या बँकेत चकरा सुरू. डेम्लो संख्या गंमत म्हणून सोडून देता येते, ही नाही.

म्हणून आपल्या ग्रुपवर वर्गणी परत करायची जी यादी फिरते आहे, तिच्यात खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग टाइप करा. नंतर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही.