बाद ठरवलेले गंजिफ्रॉक

महाराष्ट्रातून, बेळगाव-बडोद्याकडून आणि इथे तमिळनाडूतून ऐकणाऱ्या सगळ्यांना तंजावरहून नमस्कार. आमची मराठी तुमच्या कानाला थोडी वेगळी लागेल, सांभाळून घ्या.

आज मला एका चुकीबद्दल बोलायचं आहे. ती माझीच चूक आहे.

मी कॅप्टन होतो तेव्हाची गोष्ट. भांडारातल्या बाद वस्तूंच्या पाहणीसाठी मंडळ बसलं, आणि त्याचा प्रमुख मी. एका लोखंडी ट्रंकेत जुने धावण्याचे गंजिफ्रॉक, चड्ड्या आणि कुस्तीचे लंगोट निघाले. कापड पिवळं पडलेलं, काही ठिकाणी कसर लागलेली. गंजिफ्रॉकांवर हाताने शिवलेले आकडे होते. मी विचारलं, "यांचं काय करायचं?" भांडारातला हवालदार म्हणाला, "साहेब, हिशेबात नाहीत." मी सही केली आणि ट्रंक जाळली गेली. दहा मिनिटांचं काम.

काही महिन्यांनी एक म्हातारे सुभेदार आपल्या नातवाला घेऊन आले. साठ वर्षांपूर्वी तुकडीच्या रिले संघात ते धावले होते. नातवाला तो गंजिफ्रॉक दाखवायचा होता. त्यांना आपला आकडासुद्धा आठवत होता. मी चहा मागवला. दुसरं काय करणार? ते रागावले नाहीत, म्हणूनच ती भेट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, जुनी चड्डी ती काय जपायची? त्याचं उत्तर देतो.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या. सर दोराबजी टाटा तिथे होते. शेतकरी वर्गातली पोरं अनवाणी धावत होती, तरी त्यांच्या वेळा युरोपीय मापाने वाईट नव्हत्या. ते पाहून दोराबजींच्या मनात ऑलिंपिकचा विचार पक्का झाला. १९२० मध्ये भारतीय खेळाडू अँटवर्पला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ते कांस्यपदक आणलं.

या कथेची सुरुवातच अनवाणी पायांपासून होते. म्हणजे कपडा आणि पायताण हा खेळाच्या इतिहासाचा किरकोळ भाग नाही. कोण कशात खेळलं यावरून त्याची ऐपत कळते, त्याला कुणी आधार दिला ते कळतं, आणि आखाड्यातली शिस्तही कळते. लंगोट कसा कसायचा हे वस्ताद शिकवायचे, पुस्तक नव्हे. आमच्या इथे त्यालाच कोवणम् म्हणतात, आणि आपल्या हुतुतूला सडुगुडू. नावं दोन, माती एकच.

हा वारसा लिहून ठेवणारे लोक आपल्यात झाले आहेत. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे १० खंड मराठीत काढले. १९३६ सालीच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवले. आणि माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजी राजे दुसरे इंग्रजी पुस्तकं विकत घेत आणि त्यांवर स्वतःची सही करत. मला त्यात राजेपणापेक्षा नोंद ठेवण्याची सवय जास्त दिसते. वस्तू आली की तिच्यावर लिहायचं. माझ्या ट्रंकेला तेवढंच कमी पडलं होतं. नोंद नव्हती, म्हणून ती बाद ठरली.

तुमच्या घरी आजोबांचा लंगोट, आत्याचा खो-खोचा पोशाख, वडिलांचा संघाचा ब्लेझर असेल. तेव्हा एवढं करा.

पहिलं, धुण्याची घाई करू नका. ब्लीच आणि इस्त्री तर नकोच. आधी फोटो काढा, पुढून, मागून, शिवणीचा आणि शिंप्याच्या खुणेचा. दुसरं, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. आमच्या तंजावरच्या दमट हवेत आत बुरशी धरते. धुतलेल्या, कोऱ्या सुती कापडात गुंडाळा, टाचण्या काढा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. दर चार-सहा महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच कापड फाटतं. उन्हात नको, सावलीत वारा द्या. तिसरं, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आणि चौथं, हे सगळ्यांत आधी करा. ज्याने तो कपडा घातला त्याच्याशी बोला, मोबाइलवर आवाज धरून ठेवा. कुणी शिवला, पैसे कुणी दिले, हरल्यावर परतीच्या गाडीत काय बोलणं झालं. कापड आणखी पन्नास वर्षं टिकेल. माणसाचं तसं नाही.

जपून कुलूप लावलं तर मात्र माझ्या ट्रंकेसारखंच होईल. शाळेच्या संमेलनात मांडा, तालमीच्या वर्धापनदिनी मांडा. आज खेळाडूंचे बनियन आमच्या तिरुप्पूरला ढिगाने शिवले जातात. पोरांना कळू द्या की एकेकाळी आकडा हाताने शिवावा लागायचा.

मी स्वतः आता एक वही ठेवली आहे. इथल्या मराठी घरांतून खेळाची कुठलीही वस्तू दिसली की तिच्यात लिहितो. पहिल्या पानावर मात्र वस्तू नाही. तिथे त्या ट्रंकेत काय काय होतं ते आठवेल तेवढं लिहिलं आहे, आणि खाली माझी सही आहे. या वेळी वाचून केलेली.