22 मार्चचा राहून गेलेला मेळावा

(दहावी 1985 तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘खेळ आणि आरोग्य’. कॉलेजात खेळ शिकवणारा माणूस दिसला की लोक हाच विषय देतात. मी सांगणार सूर्यनमस्कार घाला, साखर कमी करा. तुम्ही माना डोलावणार आणि मघाशी वास आलेली जिलेबी दोनदा मागून घेणार. तर ते राहू दे. हा मेळावा खरं म्हणजे 22 मार्च 2020 ला व्हायचा होता. तो कसा राहिला, आणि त्याआधीच्या पंधरा दिवसांत आपण, म्हणजे मुख्यतः मीच, काय काय बोललो, ते मला आज माईकवरून सांगायचंय. आपल्या ग्रुपवर ते सगळं अजून आहे. मी परवा वर सरकवत सरकवत वाचलं. वाचवत नाही.

तयारी जानेवारीपासून चालली होती. शाळा दहावीचं परीक्षा केंद्र होती, त्यामुळे मुख्याध्यापकांनी मैदान आणि सभागृह दिलं, वर्गखोल्या नाही म्हणाले. बाकांवर बैठक क्रमांक लिहिलेले होते आणि सोमवारी, 23 तारखेला, भूगोलाचा शेवटचा पेपर होता. मंडपवाल्याला विसार दिला, आचाऱ्याला ॲडव्हान्स दिला. वसुलीचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला त्या तारखेचा जरा जास्तच जिव्हाळा.

फेब्रुवारीत चीनच्या बातम्या यायच्या तेव्हा आपण काय करत होतो? विनोद. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि चिकनचे भाव कोसळले, तेव्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘मेनू बदला, आता चिकन परवडतंय.’ सगळे हसलो. आपला पोल्ट्रीवाला मित्रही हसला, अंगठा टाकला त्याने. पुढे कधीतरी त्याच्याकडूनच कळलं की त्या महिन्यात पक्ष्याला मिळणाऱ्या पैशापेक्षा त्याला घातलेलं खाद्य महाग पडत होतं, आणि तो येईल त्या भावाला शेड रिकामी करत होता. हे तो तेव्हा बोलला नाही. मेळाव्याची वर्गणी मात्र वेळेवर भरली होती.

मग होळी आली. 9 मार्च, सोमवार. दुबईहून सहल करून आलेलं पुण्यातलं एक जोडपं पॉझिटिव्ह निघालं. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण. मी पुण्यातच राहतो. दुसऱ्या दिवशी धुळवड होती. आमच्या सोसायटीत निम्मे लोक रंग खेळले आणि निम्मे गॅलरीतून बघत राहिले. मी खेळणाऱ्यांत होतो. चीनमधून आलेला रंग नाही ना, असं विचारून खेळलो, एवढीच काय ती खबरदारी!

त्याच रात्री आपल्या डॉक्टरने ग्रुपवर लिहिलं. मी जसंच्या तसं वाचतो, त्याची परवानगी न घेता. ‘22 तारीख पुढे ढकलूया. पुण्यामुंबईहून साठ माणसं येणार, आणि आपले सर 84 वर्षांचे आहेत.’ बस, एवढंच. त्याने घाबरवलं नाही, उपदेश केला नाही.

त्यावर मी लिहिलं, ‘डॉक्टर लोकांचा धंदाच घाबरवण्यावर चालतो.’ खाली हसणारे चेहरे किती आले ते मी मोजलेत. सव्वीस. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर ग्रुपमधून बाहेर पडला. कुणी त्याला परत जोडून घेतलं नाही. ॲडमिन मीच होतो.

माझा युक्तिवाद काय होता, तेही सांगतो, कारण तेव्हा तो मला बिनतोड वाटत होता. राजकोटला रणजीची फायनल चालू होती, सौराष्ट्र विरुद्ध बंगाल. मी लिहिलं, ‘बघा, पाच दिवसांची मॅच चाललीय, आणि तुम्हाला चार तासांच्या मेळाव्याची भीती.’ 11 तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. अमेरिकेत त्याच रात्री एक खेळाडू पॉझिटिव्ह निघाला आणि एनबीएने अख्खा मोसम थांबवला. मी म्हटलं, बास्केटबॉल बंद जागेत खेळतात, आपलं तर मैदान आहे. माणसाला जे करायचंच असतं त्याच्या बाजूने त्याला पुरावे बरोबर सापडतात. खेळ शिकवणाऱ्यालाही.

शुक्रवारी, 13 तारखेला मात्र एकेक फळी निसटायला लागली. रणजी फायनलचा शेवटचा दिवस रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. सौराष्ट्र पहिल्यांदाच रणजी जिंकलं, आणि टाळ्या वाजवायला माणूस नाही. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा धरमशाळेचा सामना आदल्या दिवशी पावसाने धुतला होता. उरलेले दोन आधी प्रेक्षकांविना होणार होते, ते रद्दच झाले. 29 मार्चला सुरू होणारी आयपीएल 15 एप्रिलवर गेली. खरं सांगतो, साथीचे आकडे बघून मी घाबरलो नव्हतो. आयपीएल पुढे गेली तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. एवढ्या पैशावर कुणी उगाच पाणी सोडत नाही!

त्याच दिवशी सरकारने साथीचा कायदा लागू केला. पुण्यामुंबईतली नाट्यगृहं, व्यायामशाळा, तरणतलाव मध्यरात्रीपासून बंद, आणि शनिवारी शहरांतल्या शाळा-कॉलेजं 31 मार्चपर्यंत बंद.

आमच्या कॉलेजात त्या शनिवारी जे वातावरण होतं ते आठवलं की अजून कसंतरी होतं. मुलं खुशीत होती. पंधरा दिवसांची सुट्टी आणि परीक्षा पुढे! हॉस्टेलच्या व्हरांड्यात बॅगा भरल्या जात होत्या, अर्धी मुलं पुस्तकंसुद्धा न घेता निघाली होती. मीही सगळ्यांना गोळा करून सांगितलं, ‘घरी जा, शेताच्या बांधावर धावा, सराव सोडू नका, 1 एप्रिलला मैदानावर भेटू.’ एक मुलगी होती, बीड जिल्ह्यातली. पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं आणि तिची वेळ महिन्यागणिक उतरत होती. तिने विचारलं, ‘सर, स्पाइक्स नेऊ का?’ मी म्हटलं, ‘कशाला ओझं नेतेस, पंधरा दिवसांनी येणारच आहेस.’ तिने ते माझ्या कपाटात ठेवले.

जूनमध्ये तिचा फोन आला. लग्न ठरलं होतं. आता 50 माणसांतच करायची परवानगी आहे, खर्च वाचतोय, तर उरकून घेऊ, असं घरचे म्हणत होते. ‘सर, कॉलेज कधी उघडणार?’ असं तिने दोनदा विचारलं. मला तारीख सांगता आली नाही. मग मी अभिनंदन म्हणालो. त्या फोनवर दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला तीन वर्षांत सुचलेलं आहे, पण आता त्याचा तिला उपयोग नाही. स्पाइक्स अजून कपाटात आहेत. पस्तीस नंबरचे.

परत मेळाव्याकडे येतो. शुक्रवारी संध्याकाळी मी ग्रुपवर आणखी एक अक्कल पाजळली. ‘22 पर्यंत काय काय बंद करतील सांगता येत नाही. परवा रविवारीच उरकून घेऊ.’ लक्षात घ्या, थांबायचं नाही, उलट घाई करायची. एकोणीस जण हो म्हणाले. गाडी ठरली. आचारी म्हणाला, बुंदी होईल, जिलेबी होणार नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला. आधी तो खोकला ऐकू यायचा आठवतोय ना, कुणालाही फोन लावला की? त्याच खोकल्याला कंटाळून सर मला म्हणाले, ‘अरे, तुला फोन लावला तर कुणीतरी बाई आधी खोकते.’ आपले इतिहासाचे सर. मग म्हणाले, ‘काल सरकारने कायदा लावलाय तो कुठला, माहितीये का? 1897 चा. प्लेगचा. तो धडा मी तुला शिकवलाय. तुझं लक्ष खिडकीबाहेर होतं.’

होतंच. खिडकीबाहेर मैदान होतं.

आणि सरांनी फोनवर तास घेतला. पुण्यातला प्लेग, घरांत शिरून केलेल्या झडत्या, 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर झाडलेली गोळी, एवढं सगळ्यांना पाठ असतं, असं ते म्हणाले. ‘पण त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन. परवा तुम्ही रंग खेळलात ना, तोच दिवस.’ मग त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. गावात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, आणि कुणाचं लग्न ठरलेलं असलं तरी ते मोडत नसत, पुढच्या वर्षी करत. शेवटी म्हणाले, ‘मेळावा पुढच्या वर्षी घ्या. मी कुठे पळून जातोय?’

सरांपुढे बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. मी ग्रुपवर ‘सरांच्या इच्छेनुसार पुढे ढकलत आहोत’ असं लिहिलं. डॉक्टरचं नाव काढलं नाही.

नंतरचे दिवस तुम्ही सगळ्यांनी काढलेत, ते काय सांगायचे. आपली शारजावाली मैत्रीण तिकीट रद्द न करता आली. मुंबई विमानतळावर हातावर शिक्का बसला आणि माहेरी वरच्या खोलीत चौदा दिवस. वहिनी ताट दाराबाहेर ठेवायची आणि टाळी वाजवून खाली पळायची. जेवणानंतर तिला ही गोष्ट सांगायला लावा, ती फार छान सांगते, वहिनीच्या नकलेसकट. 22 मार्चला, जेव्हा आपण इथे राष्ट्रगीत म्हणणार होतो, तेव्हा जनता कर्फ्यू होता. पाच वाजता आपण थाळ्या वाजवल्या. तीन दिवसांनी गुढीपाडवा आला, त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला, आणि आमच्या सोसायटीत साखरगाठी कुणालाच मिळाल्या नाहीत.

शाळेचं म्हणाल तर 21 तारखेला, शनिवारी, इतिहासाचा पेपर झाला. सोमवारचा भूगोल आधी पुढे गेला, एप्रिलमध्ये रद्दच झाला, आणि मुलांना इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. आपल्या वेळी असं झालं असतं तर आपल्यातले चार जण जास्त पास झाले असते, नावं घेत नाही. शिपाईकाका सांगत होते की भूगोलाच्या पेपरसाठी बाकांवर खडूने लिहिलेले नंबर कितीतरी महिने तसेच होते. पुसायला सांगणारं कुणी आलं नाही आणि त्यांनाही पुसवेना.

आता जे सांगायला उभा राहिलो ते.

2021 चा एप्रिल. सरांना ताप आला. मुलगा परगावी, घरात सूनबाई आणि बाई. सूनबाईंनी मला फोन केला, कारण मेळाव्याच्या पत्रिकेवर संपर्कासाठी माझाच नंबर होता. त्या दिवसांत बेड म्हणजे काय चीज होती ते तुम्हाला ठाऊक आहे. मी पुण्यातून सात फोन केले. आठवा नंबर डॉक्टरचा होता. तेरा महिन्यांत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून राग येत होता. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. मी ‘अरे, मी’ एवढंच म्हटलं. तो म्हणाला, ‘सर ना? ऑक्सिजन किती दाखवतोय?’

त्याने स्वतःच्या गाडीतून सरांना नेलं. बेड मिळवला. नऊ दिवस रोज रात्री मला फोन करून आकडा सांगत होता. दहाव्या दिवशी आकडा सांगितला नाही.

सर गेल्यावर सूनबाईंनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी रविवारचा घाट घातला, ते तुमच्यापैकी कुणीतरी डॉक्टरला कळवलं होतं. आणि त्या शुक्रवारी रात्री दवाखाना बंद करून तो सरांकडे गेला होता. म्हणाला होता, ‘माझं कुणी ऐकत नाही, सर, तुम्ही सांगा.’ सर त्याचं नाव न घेता माझ्याशी बोलले. प्लेगचा तास मला त्याच्या विनंतीवरून मिळाला होता.

डॉक्टर, तू तिसऱ्या रांगेत बसलायस आणि मघापासून खाली बघतोयस. वर बघ. मी जे लिहिलं ते चुकीचं होतं आणि वाईट होतं. सव्वीस जण हसले असतील, पण लिहिलं मी. सव्वीस जणांच्या देखत लिहिलं, म्हणून साठ जणांच्या देखत माफी मागतोय. आणि आज सकाळी तुला परत ग्रुपमध्ये घेतलंय. तू अजून मेसेज बघितलेला नाहीस, निळ्या खुणा आलेल्या नाहीत. बघ कधीतरी सवडीने.

पहिल्या रांगेतली ती खुर्ची मोकळी का ठेवलीय असं मघाशी कुणीतरी विचारत होतं. ती मी ठेवायला सांगितली. बाई आल्या आहेत, त्यांनी तिच्यावर बसायला नकार दिला. म्हणाल्या, तुमच्या वर्गात ते कधी बसून शिकवत होते? तर कुणाला पाय दुखत असतील त्याने खुशाल बसावं.

आचारी तिकडून खूण करतोय. तोच आचारी आहे, 2020 चा. आपला ॲडव्हान्स त्याने लॉकडाऊनमध्ये खर्चून टाकला होता, आणि काल स्वतःहून म्हणाला की तो आजच्या बिलात वळता करून घ्या. जिलेबी त्याने आज केलीय. गरम आहे तोवर चला.